रेडिएशननंतरच्या पाच कांड्या

आधीच सांगते, असलं वाचायला ज्यांना लाज वाटते त्यांनी पान उलटावं. मलाही वाटत होती. त्या लाजेपायी मी सात आठवडे वाया घालवले आणि स्वतःच्या अंगाचं कायमचं नुकसान करून घेणार होते, म्हणून आता लिहायला बसले आहे. मी सीमाभागातल्या वडगावची, विणकराच्या घरातली. वय त्रेचाळीस. घरी चार पॉवरलूम, साड्या निघतात. मला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झाला होता, आता नाही. कॅन्सरवर सल्ले देणारी माणसं मला ढिगानं भेटली. त्यानंतर नवरा-बायकोचं काय होतं, बाईच्या आतल्या अंगाचं काय होतं, हे विचारलं की मात्र सगळ्यांची दातखीळ बसते.

ऐकलं मी

मधेच अंगावरून जायला लागलं तेव्हा मला वाटलं, पाळी जायची वेळ आली असेल. संबंध आल्यावरही रक्त दिसायचं. ते कुणाला सांगितलं नाही, फक्त "आज नको" म्हणायला लागले. माझ्या मालकांनी, अशोकनी, दोनदा कारण विचारलं आणि मग विचारणंच सोडलं. माणूस मुळातच कमी बोलणारा. शेवटी एकदा मागापाशी उभी असताना मला घेरी आली. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांनी एवढा आरडाओरडा केला की त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागला.

तुकडा काढून तपासायला गेला. रिपोर्टच्या दिवशी आम्ही दोघं डॉक्टरांसमोर बसलो. मी आल्या आल्या मराठीत बोलले होते, त्यामुळं बाईला कन्नड येत नसणार असं त्यांना वाटलं. त्यांनी कागद वाचला आणि शेजारच्या शिकाऊ डॉक्टरीणबाईंना हळूच म्हणाले, "क्यान्सर ऐती. हेंग हेळोदु?" आहे खरा, पण सांगायचं कसं. अहो, आमच्याकडं भाजीवालीपासून लाईटबिलापर्यंत सगळं कन्नडात चालतं, मला कळणार नाही होय? मी म्हटलं, "सांगा की सरळ. ऐकलं मी."

डॉक्टर बिचारे ओशाळले. मग बराच वेळ बसून, चुकतमाकत मराठीत, सगळं समजावलं. बरं होण्यासारखं आहे, ऑपरेशन नको, रेडिएशन आणि केमो घेऊ. ह्यांनी एकच विचारलं, "वाचंल न्हवं ओ?" त्यांचा तसला आवाज मी कधी ऐकला नव्हता. बाहेर आल्यावर मी ह्यांच्यावरच ओरडले, गाडी उन्हात का लावली म्हणून. कुणावर तरी ओरडायचं होतं.

लघवी तुंबवून बसायचे दिवस

पंचवीस दिवस रेडिएशन. रोज जाऊन भरपूर पाणी प्यायचं, लघवी तुंबवायची आणि नंबर येईपर्यंत बाकावर बसायचं. लघवीची पिशवी भरलेली असली तर आतल्या बाकीच्या अवयवांना मार कमी बसतो म्हणे. मशीन मधेच थांबलं की आम्हा बायकांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. तिथंच मला शोभाक्का भेटली. निपाणीची, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, विड्या वळून दोन पोरं शिकवलेली विधवा. आजार माझाच. तिच्या पिशवीला तंबाखूचा वास यायचा आणि तोंडात सतत चेष्टा. मी म्हणायची, "आक्का, हसवू नको गं, इथंच सुटंल." ती म्हणायची, "सुटू दे की, पुसायला सरकारी माणसं हायती."

शेवटी आतून द्यायचं रेडिएशन झालं, तीन वेळा. त्याबद्दल एवढंच सांगते की मी घाबरले होते, आणि आत नळी बसवेपर्यंत एक नर्स माझा अंगठा धरून उभी होती. तो हात मी जन्मभर विसरणार नाही.

पिशवी

उपचार संपले त्या दिवशी समुपदेशन करणाऱ्या सिस्टरनी मला बाजूच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. पिशवीतून पाच पांढऱ्या, गुळगुळीत नळ्या काढल्या. करंगळीएवढ्या बारीकपासून चढत्या जाडीच्या. ह्याला डायलेटर म्हणतात. रेडिएशननं योनीमार्ग आकसतो, आतल्या भिंती एकमेकींना चिकटतात. महिन्याभरानं डॉक्टर तपासून 'सुरू करा' म्हणाले की आठवड्यातून तीनदा, दहा-दहा मिनिटं, सगळ्यात लहान नळीपासून हा व्यायाम करायचा. नाही केला तर वाट बंद होत जाते, मग डॉक्टरांना आत तपासता येत नाही, आणि आजार परत आला तरी लवकर दिसत नाही.

"आणि मालकांच्या बरोबर पण..." सिस्टर बोलायला लागल्या.

"ते राहू द्या," मी म्हटलं. "ते संपलं आमचं."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "हेदरब्याडरी अक्का. घाबरू नका. असलं सगळ्यांनाच वाटतं."

मी घाबरले नव्हते, मी लाजेनं मेले होते. 'व्हय, व्हय' म्हणत माझं सगळं लक्ष दाराकडं. सोबतचा माहितीचा कागद कन्नड आणि इंग्रजीत होता, मराठीतले संपलेले. मी मराठी शाळेतली. कन्नड फाडफाड बोलते, वाचायला मात्र एक अक्षर येत नाही. तेवढं सांगितलं असतं तर सिस्टरनी वाचून दाखवलं असतं. पण मला तिथून पळायचं होतं.

बुट्टी

आता ही पिशवी ठेवायची कुठं? आमच्या घरात आत्तींचा हात पोचत नाही असं एकही कपाट नाही. मी डोकं लढवलं. मागाच्या खोलीत जुन्या कांड्यांची एक बुट्टी, म्हणजे टोपली, पडलेली असते. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती, जिच्यावर आडवा धागा गुंडाळलेला असतो. पांढऱ्या प्लास्टिकच्या जुन्या कांड्यांत पाच पांढऱ्या नळ्या कुणाला कळणार आहेत! मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

महिन्यानं डॉक्टर 'सुरू करा' म्हणाले. मी एकदाच प्रयत्न केला. न्हाणीघरात उभ्या उभ्या, खोबरेल लावून, घाईघाईनं, बाहेरून कुणी हाक मारेल या धास्तीत. आग आग झाली आणि रक्ताचा ठिपका दिसला. मी नळी धुतली, बुट्टीत टाकली आणि ठरवलं की पुरे. मला जगायचं होतं तेवढं मिळालं, आता आणखी काय मागायचं?

त्याच सुमाराला ह्यांनी आपलं अंथरूण मागाच्या खोलीत नेलं. "तुला धक्का लागंल," एवढंच बोलले. मला वाटलं, किळस आली. मी दिवसभर भांडी आपटत होते, पण विचारलं नाही. असे सात आठवडे गेले. पुढची तपासणी तीन आठवड्यांवर आली होती.

हिला भोकच न्हाय

एका दुपारी आत्ती सोप्यात राटावर, म्हणजे चरख्यावर, कांड्या भरायला बसल्या. नेहमीच्या कांड्या संपल्या म्हणून त्यांनी मागाच्या खोलीतली जुनी बुट्टी ओढून आणली. मी स्वयंपाकघरात होते. हाक आली.

"सुमन, ही कसली गं कांडी? राटावर बसंनाच. हिला भोकच न्हाय की!"

मी धावत गेले. आत्तींनी चष्मा नाकावर घेऊन डायलेटर राटाच्या चातीच्या सळईवर दाबायचा उद्योग चालवला होता. मी म्हटलं, "आत्ती, ते ठेवा, मी बघते."

"तू काय बघतीस? दुकानदारानं फसवलंय. अशोक! ह्या पाच परत देऊन ये, आणि सांग त्याला, असला माल खपवून घेणार न्हाय म्हणून."

आणि हे निघालेसुद्धा! मी दारापर्यंत जाऊन "अहो" म्हटलं, पण माग चालू असताना आमच्या गल्लीत कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. ते अर्ध्या तासानं परतले तोवर मी तीनदा तोंड धुतलं होतं.

"दुकानदार म्हणतोय, हे आमचं न्हवं," ते दारातच म्हणाले. "दवाखान्यातलं वाटतंय म्हणाला. हे काय हाय गं?"

मी त्यांचा हात धरून मागाच्या खोलीत नेलं. चारी माग चालू होते, कानाला तोंड लावून ओरडल्याशिवाय भागत नव्हतं. तसंच ओरडून मी सगळं सांगितलं. नळ्या कशाला आहेत, सिस्टर काय म्हणाल्या, मी का लपवल्या. ह्यांचा चेहरा उतरला.

"मला का न्हाय सांगितलंस?"

"तुम्ही हितं झोपायला आलासा. कुणाला सांगू? किळस आली असंल तर तसं सांगा."

"किळस?" ते माझ्याकडं बघतच राहिले. "अगं, झोपेत माझा पाय लागला आणि तुला परत रक्त गेलं तर? म्हणून आलतो."

मग मी मागामागं दडवलेली पिशवी काढून दिली आणि त्यांनी त्यातला कागद उघडला. विणकरांच्या योजनांचे अर्ज भरून भरून ह्यांना कन्नड वाचायला येतं, पण अक्षर लावत लावत. एकेक ओळ वाचायची आणि मराठी करून मला ओरडून सांगायची. झोपून करायचं. गुडघे दुमडायचे. श्वास सोडताना हळूहळू आत न्यायचं, जोर करायचा नाही. आणि एवढ्यात करंट गेला. चारी माग एका झटक्यात गप्प. सगळी गल्ली गप्प. ह्यांचा आवाज तेवढा मोठ्यानं घुमला, "भरपूर वंगण लावायचं!"

पलीकडच्या घरातून आवाज आला, "कुठला माग अडलाय रं अशोक?"

"काय न्हाय!" हे लाल होऊन ओरडले. "बघतोय!"

मी खाली बसले आणि पोट धरून हसले. हसता हसता रडायला लागले, ते बराच वेळ थांबेना. ते शेजारी बसून राहिले. दारात आत्ती उभ्या होत्या. किती ऐकलं देव जाणे. त्या एकच म्हणाल्या, "आजारपणातली वस्तू लपवायची नसते गं. मी काय परकी हाय?" आणि गेल्या.

जमलं ते कसं

दुसऱ्याच दिवशी मी सिस्टरना फोन केला. रागावतील वाटलं, पण त्या म्हणाल्या, उशीर झालाय, अजून वेळ गेलेली नाही. माझ्या चुकाही त्यांनीच दाखवल्या. घाई, उभं राहणं, आणि खोबरेल. औषधाच्या दुकानात पाण्यात मिसळणारं जेल मिळतं ते भरपूर लावायचं. तेलानं काहींना आत त्रास होतो, आणि कंडोम वापरत असाल तर तेलानं तो फाटतो. थोडासा डाग दिसला तर घाबरायचं नाही, जास्त रक्त गेलं किंवा दुखणं राहिलं तर थांबून डॉक्टरांना सांगायचं. नळी आधी आणि नंतर साध्या साबणानं, कोमट पाण्यानं धुवायची, पुसून कोरडी ठेवायची. "आणि स्वयंपाकघरातली किंवा घरातली दुसरी कुठलीही वस्तू वापरायची नाही," हे त्यांनी दोनदा सांगितलं. आत मोडून अडकलेलं काढायला बायका येतात म्हणे, आणि तेही लाजेनं दोन दिवस उशिरा.

जेल ह्यांनी आणलं. औषधवाल्यानं काळ्या पिशवीत घालून दिलं तर म्हणाले, "कशाला? औषध हाय." मला त्या दिवशी हा माणूस नव्यानं आवडला.

दुपारी जेवणं झाली की मी कोमट पाण्यानं अंघोळ करून दार लावून घ्यायची. हे दाराबाहेर स्टूल टाकून बसायचे, कुणी आलं तर परतवायला. मी आतून शिव्या घालायची. नळीला, कॅन्सरला, कधी ह्यांनाही. पहिले दोन आठवडे नुसती करंगळीएवढी नळी. तिसऱ्या आठवड्यात दुसरी गेली तेव्हा मी आतून ओरडले, "गेली ओ, दुसरी गेली!" बाहेरून उत्तर आलं, "शाब्बास!" तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी हात धुतले आणि म्हणाले, "चिकटलं होतं, पण सुटतंय. मला सगळं नीट दिसलं. आजाराचा मागमूस नाही." मी टेबलावर पडल्या पडल्याच त्यांना नमस्कार केला.

शोभाक्काची खरेदी

व्यायाम होत होता, पण मन मेलेलंच होतं. माझ्या त्या जागेला औषधासारखा हात लागत होता, त्यात सुख कसलं? हे मी शोभाक्काला फोनवर बोलले. तिनं विचारलं, "व्हायब्रेटर ठाऊक हाय काय तुला?"

मी फोन कानापासून लांब धरला.

"लाजू नको. मी सिस्टरला इचारूनच घेतलंय. रक्त खेळतं राहतंय म्हणाल्या, आमच्यासारख्यांना बरंच हाय ते."

"पण आक्का, तू तर..." मी बोलून गेले आणि जीभ चावली.

"विधवा हाय, व्हय. अंग काय नवऱ्यासंगं जाळलं न्हाय मी." मग हसली. "नवऱ्यासाठी करायचं असतं असं कोण म्हटलं तुला? माझं अंग हाय, ते जिवंत हाय काय न्हाय ते मीच बघणार."

ह्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या ओठांसाठी विड्या वळल्या, आणि मला अक्कल शिकवली. तिची पहिली खरेदी मात्र फसली होती. स्वस्तातलं, गुलाबी, जेलीसारखं मऊ काहीतरी आलं. उघडल्यावर नव्या चपलेसारखा वास, हाताला चिकट. सिस्टर म्हणाल्या, टाकून द्या, असल्या रबराला बारीक छिद्रं असतात, घाण आत बसते, धुऊन निघत नाही. अंगाला चालणारं चांगलं सिलिकॉन घ्यायचं, वास नसलेलं, जोड किंवा धार नसलेलं, पाण्यानं धुता येईल असं. सिलिकॉनला पाण्याचंच जेल, सिलिकॉनचं नाही, नाहीतर वस्तू खराब होते. आमच्यासारख्यांनी सुरुवात बाहेरून वापरायच्या लहान व्हायब्रेटरनं करावी, सगळ्यात कमी वेगावर. आत घालायचं असेल तर डॉक्टरांना विचारून. मागच्या बाजूला वापरायचं असेल तर रुंद बुडाचंच, नाहीतर ते आत ओढलं जातं. जखम किंवा जंतुसंसर्ग असताना कुठलंच नाही. आणि आपली वस्तू आपल्यापुरती, मैत्रिणीला उसनी द्यायची नाही. "उसनी द्यायला मी काय खुळी हाय?" शोभाक्का म्हणाली.

मी ह्यांना सांगितलं. वाटलं, दुखावतील, मी कमी पडतो असं समजतील. ह्यांनी खिशातून मोबाईल काढला. मग म्हणाले, "मी मागवू का तू मागवतीस?" आम्ही दोघांनी मोबाईलवर बघितलं, शाळेतल्या पोरांसारखं खिदळत. अंगठ्याएवढं, निळं, चार्ज करायचं. खोक्यावर 'मसाजर' लिहून आलं.

पहिल्यांदा काहीच वाटलं नाही. दुसऱ्यांदा कंटाळा आला. चौथ्या की पाचव्या वेळी, दुपारीच, दार लावून, मला एकदम जाणवलं की मी श्वास रोखून धरला आहे आणि दुखतंय म्हणून नाही. वर्षभरात त्या जागेनं मला नुसतं रक्त, सुई, आग आणि भीती दिली होती. त्या दुपारी तिनं सुख दिलं. मी उशी तोंडावर धरून रडले, आनंदानं. हे खरं सांगते, आजाराचा मागमूस नाही म्हटल्यावरसुद्धा मी एवढी बरी झाले नव्हते.

सुट्टी

श्रावणात एका सोमवारी आत्तींनी स्वतःहून पिशवी भरली. "मी दोन दिवस पिरनवाडीला लेकीकडं जाते," म्हणाल्या. "माग बंद ठेवा. सारखं काम बरं न्हवं." माझ्याकडं बघितलं नाही, पण जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी त्यांच्या पायाच पडले.

त्या दुपारी आमचं काही जमलं नाही. मी आखडले, ह्यांनी ताबडतोब हात काढून घेतला आणि पंखा बघत पडून राहिले. पूर्वी मी असल्या वेळी पाठ फिरवून झोपले असते. त्या दिवशी उठून जेल घेतलं, ते निळं मसाजर घेतलं, आणि ह्यांचा हात धरून दाखवलं, इथं, असं, एवढंच, थांब म्हटलं की थांबायचं. बावीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना हे कधी सांगितलं नव्हतं, आणि ह्यांनी कधी विचारलं नव्हतं. आम्हाला दोघांनाही ते बोलायची गोष्टच वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी जमलं. हे घडीघडीला विचारत होते, "दुखतंय?" मी म्हणत होते, "न्हाय." परत, "दुखतंय काय गं?" शेवटी मी वैतागून म्हटलं, "गप्प बसा की ओ आता!"

नंतर बघते तर हे रडत होते. उघड, आवाज करून. मी घाबरले, विचारलं काय झालं.

"तुला वाटत असंल मी ह्याची वाट बघत होतो," ते म्हणाले. "ह्याची न्हाय गं. तू जाशील म्हणून भीत होतो. रिपोर्टच्या दिवसापासून. तुझ्या जवळ झोपलो की तुझा श्वास मोजत बसायचो, झोपच लागायची न्हाय. म्हणून तिकडं गेलतो. धक्क्याचं खोटं सांगितलं मी."

एवढे दिवस मला वाटत होतं की भीती माझ्या एकटीला आहे. मी त्यांचं डोकं छातीवर ओढून घेतलं.

"ऐका," मी म्हटलं. "मोजा आता. कितीबी मोजा."

पाच मिनिटांत ते घोरायला लागले.